टेंभुर्ण्यांचा बंद कॅमेरा

दुसरी लाट ओसरली, कारखान्याचं गेट उघडलं, कँटीनही सुरू झालं, पण सुलभा लघाटेंचं खातं काही परत ऑफिसात बसलं नाही. त्यांचं खातं विक्रीनंतरच्या सेवेचं. भोपाळच्या कारखान्यातून गेलेल्या मोठमोठ्या मोटरी देशभरातल्या वीजकेंद्रांत फिरत असत. त्यातली एखादी कुरकुरायला लागली की तक्रार सुलभाबाईंकडे यायची. हाताखाली सहासात माणसं. निम्मी साइटवर, दूरदूरच्या गावांत. बाकीची भोपाळमध्येच, पण आपापल्या घरी. मंगळवारी सकाळी सुलभाबाई या सगळ्यांना लॅपटॉपवर गोळा करत.

गोळा करणं सोपं होतं, बोलणं अवघड. एकाच वेळी तिघं बोलायचे. कुणाच्या घरात कुकरची शिट्टी, कुणाच्या मागे साइटवरचा ट्रक. "आवाज येतोय का?" यातच निम्मा वेळ जायचा. मीटिंग लांबली की सुलभाबाई दुसरी खिडकी उघडून मेल निपटायला लागायच्या आणि मधूनमधून "हां, ठीक आहे, पुढे चला" म्हणायच्या. सगळेच तसं करत असणार, असं त्या धरून चालत.

टाउनशिपमधल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. पलीकडे व्हरांड्यात त्यांचे यजमान मनोहरराव पेपर वाचत बसत. ते याच कारखान्याच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले. जन्म लोकांची बिलं तपासण्यात गेलेला. समोरचा खरं बोलतोय असं ते सहसा धरत नसत.

पावसाळा संपता संपता एक प्रकरण झालं. एका वीजकेंद्रातली मोटर वर्षभरापूर्वी भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका खाजगी ठेकेदाराने दुरुस्त केली होती. तिचं बेअरिंग पुन्हा तापायला लागलं. साइटवर शांताराम भोयर होता. त्याने मीटिंगमध्ये सांगितलं की बेअरिंग हलक्या प्रतीचं टाकलेलं वाटतंय. सुलभाबाईंनी ठरवलं की शुक्रवारी सगळ्यांसमोर मोटर उघडायची, फोटो काढायचे आणि मग ठेकेदाराला जाब विचारायचा. खात्यातल्या टेंभुर्ण्यांनी काय काय तपासायचं ते सांगितलं. मीटिंग संपली.

गुरुवारी ठेकेदाराची माणसं साइटवर हजर झाली. "वॉरंटी का काम है" म्हणत त्यांनी मोटर उघडली, बेअरिंग काढलं, नवं बसवलं आणि जुनं घेऊन निघूनही गेली. हातात काही उरलं नाही.

सक्सेना साहेबांनी, म्हणजे सुलभाबाईंच्या वरच्या साहेबांनी, त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मास्क हनुवटीवर ओढून ते म्हणाले, "मैडम, आपकी मीटिंग की बात मंडीदीप कैसे पहुँच गई? दो दिन में?"

"सर, माझी माणसं तशी नाहीत," असं सुलभाबाईंच्या तोंडावर आलं होतं. पण त्या ते बोलल्या नाहीत. कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं, आपली माणसं कशी आहेत ते. वर्षभर त्यांनी त्यांना चौकोनांतच पाहिलं होतं.

त्यात खात्याविषयी आधीच एक कुजबुज होती, की दुरुस्तीचं सगळं काम हळूहळू बाहेर द्यायचं आहे. तसं झालं तर ठेकेदाराकडे आतली माणसं लागणारच. कुणी आधीच आपली सोय लावून ठेवली असेल तर?

घरी आल्यावर त्यांनी मनोहररावांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी मीटिंगमध्ये कोण कोण होतं?"

"सगळेच होते."

"दिसत होते सगळे?"

"टेंभुर्णे सोडून. त्यांचा कॅमेरा बंद असतो."

"नेहमी?"

"उन्हाळ्यापासून. नेट कमजोर आहे म्हणतात."

"अशोका गार्डनसारख्या भर वस्तीत नेट कमजोर?" मनोहरराव हसले. "बरं. मी काही बोलत नाही."

ते बोलले नाहीत, पण एवढं पुरेसं होतं.

दिलीप टेंभुर्णे मूळचे भंडाऱ्याचे. वडील सरकारी नोकरीत भोपाळला आले आणि इथलेच झाले. खात्यातला सगळ्यात जुना माणूस. चालत्या मोटरीच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरबुरतंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. वीजकेंद्रवाले तक्रारीत नाव घालून लिहीत, 'टेंभुर्णेजी को भेजिए'. कारखान्यात असताना जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांना हसवायचे. आता मात्र मीटिंगमध्ये एका काळ्या चौकोनात त्यांचं नाव तेवढं असायचं.

पुढच्या मंगळवारी सुलभाबाईंनी मेल बंद ठेवली आणि फक्त त्या चौकोनाकडे लक्ष दिलं. एकदा लक्ष द्यायला लागल्यावर कितीतरी गोष्टी दिसायला लागल्या. टेंभुर्ण्यांना प्रश्न विचारला की उत्तर लगेच यायचं नाही. आधी शांतता, मग माइक सुरू झाल्याची खूण, मग उत्तर. उत्तर बरोबर असायचं, पण घोकून आल्यासारखं, सपाट आवाजात. कुणी मध्येच विनोद केला तर सगळे हसायचे, ते नाही. एकदा खात्यातल्या अरविंदने त्यांचं वाक्य तोडून काही विचारलं, तर ते ऐकलंच नाही असं दाखवून टेंभुर्णे पुढे बोलत राहिले. आणि एकदा माइक बंद करायला त्यांना उशीर झाला, तेव्हा मागे कुणीतरी अगदी हळू बोलत होतं. दुसरं माणूस. खोलीत दुसरं माणूस होतं.

"टेंभुर्णेजी, आज कॅमेरा लावा ना," सुलभाबाई सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या. "खूप दिवसांत पाहिलं नाही तुम्हाला."

शांतता. मग रेल्वेचा भोंगा ऐकू आला. त्यांचं घर रुळांजवळच होतं. मग टेंभुर्ण्यांचा आवाज. "मॅडम, नेट कमजोर आहे. फिर कभी." आणि चौकोन गेला. ते मीटिंगमधून बाहेर पडले होते.

मीटिंग संपल्यावर अरविंद रेगेने फोन केला. अरविंद मूळचा इंदूरचा, वयाने लहान, बोलायला चटपटीत. त्याचा कॅमेरा कायम चालू असे आणि मागे पुस्तकांची मांडणी दिसे.

"मॅडम, बोलू की नको कळत नाही. पण मी टेंभुर्णे सरांना मंडीदीपला पाहिलं. एकदा नाही, दोनतीनदा. स्कूटर घेऊन, कामाच्या दिवशी. मी हाक मारली, तर वळूनसुद्धा बघितलं नाही. सरळ निघून गेले."

"कुठे पाहिलंत?"

"बाजारात. वैसे ठेकेदाराचं ऑफिस तिथून जवळच आहे. आता मी काय सांगू? तुम्हीच समजून घ्या."

सुलभाबाईंनी समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी सक्सेना साहेबांनी पुन्हा विचारलं, "कोई नाम?" तेव्हा त्यांनी आधी "अभी पक्का नहीं है सर" म्हटलं. साहेब वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. मग सुलभाबाईंनी नाव सांगितलं.

"टेंभुर्णे?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "ठीक है. विजिलेंस वाले बुलाकर पूछ लेंगे. अगले हफ़्ते."

बाहेर आल्यावर सुलभाबाईंना मोकळं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. नाव तोंडातून जाईपर्यंत त्यांना खात्री होती. गेल्यावर खात्री कमी झाली. दक्षता विभागाने बोलावलेल्या माणसाचं नाव टाउनशिपमध्ये कसं फिरतं ते त्यांनी पाहिलं होतं. पुढे तो निर्दोष सुटला तरी भाजीच्या गाडीवर लोक त्याच्याकडे वळून बघत. आपलं बरोबर आहे ना, एवढं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं त्यांनी ठरवलं. टेंभुर्ण्यांना जाऊन सरळ विचारावं, हे त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी तेव्हा पटलं नसतं. चोराला विचारून का चोरी कळते, असंच त्यांच्या डोक्यात होतं.

पुढचा मंगळवार आला. मीटिंग चालवायचं काम त्यांनी अरविंदवर सोपवलं. "मी आज बाहेर आहे, मोबाइलवरून जॉइन होईन," असं ग्रुपवर टाकलं. मनोहररावांना बँकेत जाते म्हणाल्या आणि स्कूटीवर अशोका गार्डनकडे निघाल्या.

टेंभुर्ण्यांचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, बाजूने लोखंडी जिना, वर दोन खोल्या. स्कूटी दुकानापुढे लावून सुलभाबाई जिना चढल्या. वर छोटी गच्ची होती, कपडे वाळत होते. खिडकी उघडी होती. पडदा अर्धा. त्या वाळणाऱ्या चादरीच्या आड उभ्या राहिल्या, कानात इअरफोन घातला आणि मीटिंग सुरू केली. या वयात आपण कुणाच्या तरी गच्चीवर चादरीमागे उभ्या आहोत याची त्यांना लाज वाटली. तरी त्या हलल्या नाहीत.

कानात अरविंदचा आवाज येत होता. आणि खिडकीतून एका बाईचा आवाज, अगदी हळू, अरविंदचीच वाक्यं तुकड्यातुकड्याने म्हणणारा.

सुलभाबाईंनी पडद्याच्या कडेने आत पाहिलं. टेबलावर लॅपटॉप. समोर टेंभुर्णे, दाढी वाढलेली, लॅपटॉपकडे न बघता बाजूला बघत होते. बाजूला त्यांच्या पत्नी, निर्मलाताई. कानात इअरफोन, मांडीवर मुलांचा असतो तसा पांढरा फळा. त्या झराझरा लिहीत होत्या. टेंभुर्णे वाचत होते. एक फळा भरला की त्या फडक्याने पुसत आणि पुन्हा लिहीत. मध्येच एखादा शब्द कळला नाही की टेंभुर्णे बोट ठेवत, आणि निर्मलाताई त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन तो शब्द म्हणत.

सुलभाबाईंना आधी काही उमगलंच नाही. काही चोरटं बघायला आलेल्या माणसाला समोर वेगळंच दिसलं की ते लगेच डोक्यात शिरत नाही. त्यांनी खात्री करण्यासाठी फोनचा माइक सुरू केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "टेंभुर्णेजी, नव्या बेअरिंगचा रिपोर्ट आला का?"

निर्मलाताईंनी लिहिलं. टेंभुर्ण्यांनी वाचलं, पुढे वाकून बटण दाबलं आणि म्हणाले, "आला मॅडम. आज पाठवतो." ते शब्द सुलभाबाईंनी दोनदा ऐकले. आधी खिडकीतून, मग कानात.

पण निर्मलाताईंनीही सुलभाबाईंचा आवाज दोनदा ऐकला होता. त्यांनी मान वर केली. चादरीखाली पाय दिसत होते.

"कोण आहे तिकडे?"

सुलभाबाई पुढे आल्या. टेंभुर्ण्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ते उभे राहिले, खुर्ची मागे सरकली. मग त्यांनी शांतपणे लॅपटॉप मिटला.

"या मॅडम," ते म्हणाले. आवाज जरा मोठा होता, जसा ऐकू न येणाऱ्या माणसाचा होतो. "आत या. आता बघितलंच आहे तर बसा."

आत पंखा चालू होता. कुणी पाणी विचारलं नाही. टेंभुर्ण्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"एप्रिलमध्ये ताप आला. सगळ्यांना आला तसाच. ताप गेला आणि सकाळी उठलो तर उजवा कान बंद. डाव्याला थोडं येतं, पण पाण्याखालून आल्यासारखं. एक जण जवळून बोलला तर कळतं. मीटिंगमध्ये चार लोक बोलायला लागले की नुसता गोंगाट. वाटलं, जाईल आठवडाभरात. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला."

"मग सांगायचं नाही का?" सुलभाबाईंच्या तोंडून गेलं.

निर्मलाताईंनी ते फळ्यावर लिहिलं. त्यांनी वाचलं.

"कुणाला सांगू? माझं नाव कानावर आहे, मॅडम. तुम्हाला माहीत आहे. साइटवाले मला बोलावतात ते माझी डिग्री बघून नाही. मेडिकल बोर्डाने अनफिट लिहिलं तर कुठल्या कोपऱ्यात बसवतील? त्यात खातं बंद होणार अशी बोंब. आधी कुणाला काढतील?"

निर्मलाताई सुभाष नगरच्या शाळेत शिकवत होत्या. शाळा अजून ऑनलाइनच होती. मंगळवारी त्या आपला पहिला तास मागे-पुढे करून घेत. "फळ्यावर भरभर लिहायची सवय आहे मला," त्या म्हणाल्या. "पण तुमची मीटिंग म्हणजे बाप रे. एक बोलतोय तोवर दुसरा. कोण बोलतंय तेही कळत नाही. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती सुरू करून बघितली, तर हिंदी बोलण्याचं भलतंच काहीतरी छापत होती. मी अर्धंच लिहू शकते. बाकी हे अंदाजाने धरतात. हसले तर का हसले ते विचारून लिहीपर्यंत पुढचं निघून जातं."

"आणि मंडीदीपला..." सुलभाबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

"तिथे कानाचे डॉक्टर आहेत. मशीन बसवायचं चाललंय," निर्मलाताई म्हणाल्या. "टाउनशिपच्या दवाखान्यात गेले असते, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं असतं." मग त्या थांबल्या. त्यांचा चेहरा बदलला. "तुम्हाला कुणी सांगितलं हे मंडीदीपला जातात म्हणून? आणि तुम्ही अशा गच्चीवर का उभ्या होतात?"

सुलभाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. इकडे काम होतं, सहज आले, असं काहीतरी. पण याच आठवड्यात टेंभुर्ण्यांना बोलावणं येणार होतं. त्यांनी सांगितलं. मोटरीचं, ठेकेदाराचं, बंद कॅमेऱ्याचं, सक्सेना साहेबांना नाव दिल्याचं. निर्मलाताईंच्या हातातला मार्कर तसाच राहिला. फळा कोरा होता.

टेंभुर्णे दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "काय म्हणतायत?"

निर्मलाताईंनी मार्करचं टोपण लावलं.

"निर्मला, लिही ना. काय म्हणतायत मॅडम?"

"हे मी लिहिणार नाही," निर्मलाताई सुलभाबाईंना म्हणाल्या आणि फळा नि मार्कर त्यांच्या मांडीवर ठेवला. "तुम्हीच लिहा."

सुलभाबाईंनी मार्कर घेतला. सौम्य शब्द शोधत त्या बराच वेळ बसल्या. एक शब्द लिहिला, पुसला. शेवटी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ठेकेदाराला बातमी तुम्ही दिली असं मला वाटलं. मी सक्सेनांना तुमचं नाव सांगितलं.' आणि फळा त्यांच्यापुढे धरला.

टेंभुर्ण्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. ते चिडतील असं सुलभाबाईंना वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "शांतारामला विचारलंत?"

"शांतारामला काय विचारायचं?"

त्यांनी सुलभाबाईंच्या ओठांकडे बघितलं, कळलं असावं. "मोटर त्याच्या ताब्यात होती. आधी त्याला विचारायचं ना."

सुलभाबाईंनी तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. कुणी बाहेर बोललं असेल तर ते फोनवर सावध होईल, म्हणून इतके दिवस त्यांनी कुणालाच सरळ विचारलं नव्हतं.

"भोयर, ठेकेदाराची माणसं येणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो मॅडम," पलीकडून शांताराम म्हणाला. त्याच्या मागे मशिनांचा आवाज होता. "मीच कळवलं होतं त्यांना. वॉरंटीत आहे ना. न कळवता उघडली असती तर वॉरंटी गेली असती. मी मीटिंगमध्ये बोललो होतो की पार्टीला इन्फॉर्म करून देतो. तुम्हीच तर म्हणालात, हां, ठीक आहे, पुढे चला."

सुलभाबाईंना काही आठवलं नाही. आठवण्यासारखं तिथे काही नव्हतंच. त्या वेळी त्या कुठल्या तरी मेलला उत्तर देत असणार.

"मग ते आले तेव्हा मला फोन का नाही केला?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हो म्हणाला होतात ना मॅडम."

फोन ठेवल्यावर निर्मलाताईंनी फळा ओढून घेतला, लिहिलं, नवऱ्याला दाखवला. ते वाचून टेंभुर्ण्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. एक मालगाडी जात होती. ती ते ऐकत होते की नुसती बघत होते, सुलभाबाईंना कळलं नाही.

तिथून त्या थेट सक्सेना साहेबांकडे गेल्या.

"सर, नाम गलत था. ठेकेदार को हमने ही ख़बर दी थी. मेरी मंज़ूरी से. मैंने ध्यान नहीं दिया."

साहेबांनी चष्मा काढला. "मैडम, मैं तो ऊपर बोल चुका हूँ."

"तो मैं लिखकर देती हूँ. जो भी हो, मेरे नाम पर हो."

"और उनका कैमरा? मंडीदीप?"

"वो उनकी अपनी बात है सर. इससे कोई लेना-देना नहीं."

साहेबांना ते आवडलं नाही. पुढच्या बढतीच्या वेळी हे आठवणीत राहील, असंही ते म्हणाले. सुलभाबाईंनी तिथेच बसून लिहून दिलं. चौकशी थांबली, पण कुजबुज थांबायला उशीर झाला होता. एव्हाना अरविंदचं दोघातिघांना मंडीदीपचं सांगून झालं होतं.

कानाचं काय करायचं ते टेंभुर्ण्यांनी स्वतः ठरवलं. पुढच्या मंगळवारी मीटिंग सुरू झाली तेव्हा त्यांचा चौकोन उजळला. दाढी केलेली होती. शेजारी निर्मलाताई बसल्या होत्या, लपून नाही, नीट खुर्चीत. "मला ऐकू येत नाही," ते हिंदीत सगळ्यांना म्हणाले. "एप्रिलपासून. ही लिहिते, मी वाचतो. म्हणून उशीर होतो. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा."

अरविंदचा कॅमेरा त्या दिवशी पहिल्यांदाच बंद झाला.

सुलभाबाईंनी मीटिंगची रीत बदलली. टेंभुर्ण्यांसाठी बदलली असं सगळ्यांना वाटलं, आणि त्यांनीही ते खोडून काढलं नाही. कशावर बोलायचं ते आदल्या दिवशी कळवायचं. बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगायचं. एका वेळी एकच. एक विषय संपला की ठरलेलं सुलभाबाई चॅटमध्ये लिहिणार, आणि ज्याचं काम आहे त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या स्वतः मीटिंगमध्ये मेल उघडेनाशा झाल्या. पहिले काही मंगळवार फार कंटाळवाणे गेले. "मैडम, ये तो प्राइमरी स्कूल हो गया," एक जण म्हणाला. शांतारामला तर आपलंच बोलणं पुन्हा सांगताना हसू यायचं. पण एकदा तसं सांगतानाच कळलं की दोघं जण एकाच साइटला जाणार होते आणि दुसऱ्या साइटला कुणीच नाही. त्यानंतर कुरकुर कमी झाली.

ठेकेदार मात्र सुटला. जुनं बेअरिंग कधी हाती लागलं नाही, आणि ते हलकं होतं की नव्हतं हे कुणालाच सांगता आलं नाही.

मेडिकल बोर्ड झालं. टेंभुर्ण्यांची साइटवरची कामं बंद झाली. त्यांना ड्रॉइंग तपासायच्या टेबलावर बसवलं. नोकरी राहिली. डाव्या कानात मशीन आलं, निर्मलाताईंना मंगळवारी लिहावं लागतं ते कमी झालं, संपलं नाही. वीजकेंद्रांकडून अजूनही अधूनमधून 'टेंभुर्णेजी को भेजिए' असं येतं. सुलभाबाई उत्तरात दुसऱ्याचं नाव लिहितात.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मीटिंग संपताना त्या म्हणाल्या, "टेंभुर्णेजी, तुम्ही जरा थांबा." बाकीचे चौकोन एकेक करून गेले. उरले दोन. टेंभुर्ण्यांच्या शेजारी निर्मलाताई होत्याच.

"त्या दिवशी तुमच्या घरी जे लिहिलं," सुलभाबाई सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "त्याबद्दल मी नीट माफी मागितली नाही. तेव्हा नुसतीच उठून गेले. आज मागते."

निर्मलाताईंनी लिहिलं. मजकूर थोडा होता, पण त्या बराच वेळ लिहीत होत्या. टेंभुर्ण्यांनी वाचलं. स्क्रीनकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि पूर्वीचं हसूही नव्हतं.

"ऐकलं, मॅडम," ते म्हणाले. "बुधवारी ड्रॉइंग पाठवतो. उद्याच."

आणि त्यांनी कॅमेरा बंद केला.

सुलभाबाईंनी लॅपटॉप मिटला. व्हरांड्यातून मनोहररावांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"ड्रॉइंग पाठवतो म्हणाले."

"बस, एवढंच?"

"एवढंच," सुलभाबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.